ओळखीची ओळ

कचेरीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. पाठीमागे सगळे त्यांना एकमास्तर म्हणत आणि तोंडावर नुसतं मास्तर. उभ्या जन्मात त्यांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं. पण कुठल्याही नव्या कामाची पहिली बैठक असो, हा माणूस कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणार, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत पेन्सिलीला टोक करत राहणार आणि शेवटी विचारणार, "ते सगळं ठीक आहे हो. पण एक म्हणजे काय?"

वाचनालयाचं काम चाललं होतं तेव्हा ग्रंथपाल बाई मोठ्या अभिमानानं सांगत होत्या की आमच्याकडे वर्षाला इतकी इतकी पुस्तकं वाचली जातात. मास्तरांनी विचारलं, "एक वाचन म्हणजे काय? पुस्तक घरी नेलं की झालं, की परत आणल्यावर? आणि मुदत वाढवून तेच पुस्तक ठेवून घेतलं तर ते एक की दोन?" बाईंनी डोक्याला हात लावला. मग बराच वेळ वाद झाला, चहा दोनदा आला, आणि अखेर उमगलं की एकाच टेबलाशी बसणारी माणसं इतकी वर्षं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होती आणि वर एकमेकांना कामचुकार म्हणत होती. असे वाद वेळेवर लावून द्यायचा मास्तरांना पगार मिळत असे.

घरीही तेच. बायकोनं "चहात एक चमचा साखर घाला" असं म्हटलं की हे विचारणार, "सपाट की शिगोशीग?" ती म्हणायची, "गोड होईल इतकी. आणि जरा लवकर, नाहीतर तुमचा आराखडा पिऊन मी कामाला लागते."

आराखडे काढणं हेच त्यांचं काम होतं. कोठारांचे आराखडे, आणि कोठारं माहितीची. कचेरीतले बाकीचे लोक त्याला डेटा वेअरहाऊस म्हणत. एखाद्या संस्थेची रोजची यंत्रणा असते, तिला आजचं तेवढं कळतं: आज कामावर कोण आहे, कुठली वस्तू कुठे आहे, कुठलं काम अडलंय. काम उरकलं की ती विसरायला मोकळी. पण दहा वर्षांत काय काय घडलं, कुठे वाढलं, कुठे घटलं, असं विचारायचं तर वेगळं कोठार लागतं, जिथे घडून गेलेलं सगळं ओळींनी रचून ठेवलेलं असतं. ते रचण्याआधी कुणीतरी बसून ठरवावं लागतं की जपायचं काय आणि कशा रूपात. कारण कोठार एकदा भरलं की लोक जगाकडे बघायचं सोडून कोठाराकडेच बघतात, आणि तिथे ज्याला जागा नाही ते घडलंच नाही असं धरून चालतात. हा माणसाचा जुना रोग आहे, त्याचा दोष संगणकाला देऊ नये.

मास्तर मोठा कागद भिंतीला लावत. मधोमध एक चौकट काढत, ती घटनेची. तिच्याभोवती आणखी चौकटी: कुणी, कुठे, केव्हा, कशानं. आणि त्यांची स्वतःची एक खूण होती. जी गोष्ट बदलत नाही तिला एकेरी चौकट. जी बदलते आणि जिचं जुनं रूपही जपायला हवं, तिला दुहेरी. समजा एखाद्यानं घर बदललं. चौकट एकेरी असेल तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जातो, आणि मग पूर्वीच्या घरातून त्यानं पाणी येत नाही म्हणून केलेली तक्रारसुद्धा नव्या घरातून केल्यासारखी दिसते. दुहेरी असेल तर जुना पत्ता आपल्या तारखांसकट जागच्या जागी राहतो. दुहेरी चौकटीला काम जास्त, म्हणून कोठार बांधणारे लोक तिच्या नावानं बोटं मोडत. मास्तर ऐकून घेत आणि दुसरी रेघ आणखी ठळक करत.

बायकोनं एकदा त्या कागदाकडे बघत विचारलं होतं, "मला कुठली चौकट हो?"

"एकेरी," मास्तर म्हणाले. "तू कुठे बदलतेस?"

ती हसली. "बघा हं. नंतर म्हणाल, पुसली गेली."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो सगळ्या कचेरीला पाठ होता. कोठार बांधून झालं की बाकीचे लोक बेरजा तपासत. तिकडचा आकडा इकडच्याशी जुळला की हुश्श करत. मास्तर म्हणत, बेरीज ही गोड बोलणारी बाई आहे, तिचं ऐका पण तिच्यावर विसंबू नका. आत जा आणि एक ओळ शोधा, जी तुम्हाला स्वतःला माहीत आहे. तुमच्या डोळ्यांदेखत घडलेली. ती जशी घडली तशीच तिथे असेल तर पुढे चला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत आपल्या ओळखीचं पाहिजे. वाचनालयाच्या कोठारात त्यांनी स्वतः उशिरा परत केलेलं पुस्तक शोधलं होतं, दंडासकट. पाणी खात्याच्या कोठारात आपल्याच दारातली फुटलेली नळजोडणी. घरी येऊन ते सांगत, "आज मी सापडलो बरं का." आणि लेक लहान असताना टाळ्या वाजवायची.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बायको कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. मास्तरांनी फोन केला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. रुग्णवाहिका टेकडीखालच्या केंद्रातून आली. गाडीवर होता तो बायकोचा सख्खा मोठा भाऊ. तिथे तो वीस-एक वर्षं गाडी चालवत होता, आणि त्या सकाळी त्याची पाळी होती. त्यानं बहिणीला उचललं, गाडीत ठेवलं आणि गाडी हाकली. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरात माणसं जमली तेव्हा मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, अर्धा तास लावलात तुम्ही. स्वतःच्या बहिणीसाठी अर्धा तास." मेहुण्यानं वर बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नाही. लेक मात्र मामाकडे जायची, येताना काही बोलायची नाही, आणि मास्तरही विचारायचे नाहीत. कचेरीतल्या कुणीतरी नोंदीत 'विवाहित' खोडून 'विधुर' केलं, एका बटणाचं काम. पूर्वी काय होतं ते आता तिथे दिसत नाही. मास्तरांनी ते एकदा बघितलं आणि पुन्हा ते पान उघडलं नाही.

मग गेल्या वर्षी रुग्णवाहिका सेवेचं कोठार त्यांच्या कचेरीकडे आलं.

मास्तरांनी ते नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते बैठकीला गेले. त्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि त्यावर गाड्यांचे दिवे हलत होते. मास्तरांनी विचारलं, "एक फेरी म्हणजे काय?" आणि आपणच उत्तर दिलं, की फेरीचे चार क्षण वेगळे जपायचे: फोन आला, गाडी निघाली, दारात पोचली, हॉस्पिटलात पोचली. मग गाड्यांच्या चौकटीची वेळ आली. गाड्यांकडे बघणारा अधिकारी सेवेत नवाच होता. तो म्हणाला, "गाडी ज्या केंद्राची ती त्याच केंद्राची. दारावर रंगवलेलंच असतं." एरवी मास्तरांनी त्याला तासभर सोडलं नसतं. कधी रंगवलं, आधी काय रंगवलं होतं, खरवडून बघू या का, असं विचारून रडकुंडीला आणलं असतं. त्या दिवशी त्यांना फक्त दिव्यांच्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. त्यांनी मान डोलावली आणि गाडीच्या केंद्राला एकेरी चौकट काढली.

कोठार बांधणारी त्यांच्याच गटातली एक तरुण बाई होती. तिला सगळे घाईबाई म्हणत, कारण ती जिन्यानंही दोन-दोन पायऱ्या चढायची. काम मात्र चोख. दहा वर्षांच्या फेऱ्या तिनं आत भरल्या, बेरजा जुळवल्या आणि मास्तरांच्या टेबलाशी आली.

"मास्तर, शेवटचं तुमचं. ओळखीची ओळ बघितलीत?"

त्या कोठारात मास्तरांच्या ओळखीची एकच ओळ होती.

"बघितली," ते म्हणाले.

आयुष्यात कामाच्या बाबतीत ते पहिल्यांदा खोटं बोलले. घाईबाईनं बरं म्हटलं आणि कोठार सुरू झालं. तिला शंका यायचं काही कारणच नव्हतं. ज्यानं सगळ्यांना तपासायला शिकवलं त्याला कोण तपासणार? कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडे करायची?

वर्षभरानं सेवेच्या नव्या संचालिका आल्या, दुसऱ्या शहरातून बदली होऊन. बाई वाईट नव्हत्या. गाड्या कमी, चालक कमी, आणि फोन वाढत चाललेले. एक केंद्र बंद करून त्याची माणसं दुसरीकडे द्यायची असं ठरलं. कुठलं, हे विचारायला त्यांच्याकडे कोठार होतं. त्यांनी विचारलं, दहा वर्षांत कुठल्या केंद्रानं किती फेऱ्या केल्या? पडद्यावर उत्तर आलं. हमरस्त्यावरचं केंद्र सगळ्यांत पुढे, आणि टेकडीखालचं सगळ्यांत शेवटी, जवळजवळ रिकामं. बाईंनी त्या रिकाम्या केंद्रावर खूण केली आणि शेवटच्या निर्णयासाठी बैठक लावली. आराखडा ज्यांचा, त्या मास्तरांनाही बोलावणं गेलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दाराची घंटा वाजली आणि लेकीनं आत येऊन सांगितलं, "बाबा, मामा आलाय."

मेहुणा उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही. अंगावर कामाचा निळा शर्ट होता, केस कानांवर पूर्ण पांढरे झाले होते. मास्तर उठून उभे राहिले.

"बसा ना, दादा."

"नाही, ड्यूटीवर जायचंय." त्यानं टोपी हातात फिरवली. "भाऊजी, आमचं केंद्र बंद करतायत."

"कळलं मला."

"टेकडीखाली सगळी म्हातारी माणसं. गल्ल्या ह्या एवढ्याशा. हमरस्त्यावरून गाडी यायची तर बाजाराला वळसा घालून येणार. तोवर माणूस राहील का? पण मॅडम म्हणतात, तुम्ही तर कामच करत नव्हता. दहा वर्षांत म्हणे आमच्या केंद्रातून गाडीच निघाली नाही. तुमच्या त्या कोठारात तसं आहे म्हणतात."

"दादा, कोठार मी बांधत नाही. मी फक्त आराखडा..."

"मला त्यातलं काय कळणार?" मेहुणा शांतपणे म्हणाला. "भांडायला आलो नाही मी. एकच विचारायला आलोय. आम्ही नव्हतोच, तर तिला कोण घेऊन गेलं?"

मेहुण्यानं क्षणभर वाट बघितली, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. लेक चहाचे तीन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आईची ओळ तुम्ही बघितली होती ना?"

तिला तो नियम लहानपणापासून ठाऊक होता. मास्तर खाली बसले.

"नाही बघितलीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मला वाटलंच होतं. मला तेव्हा विचारलं असतंत तर मी आले असते बरोबर."

दुसऱ्या दिवशी मास्तर लवकर कचेरीत गेले. घाईबाई त्यांच्याही आधी आलेली होती, तिचं तसंच असतं. त्यांनी तिला एक तारीख सांगितली, गल्ली सांगितली आणि म्हणाले, "ही फेरी काढ. आणि मोठ्यानं वाच. माझ्याच्यानं होणार नाही."

तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बोटं चालवली. ओळ आली.

"रुग्ण स्त्री. घरून हॉस्पिटलात." ती थांबली, तिनं वय मनातच वाचलं. "गाडीचा क्रमांक दिसतोय. चालकाचा क्रमांक आहे. केंद्र, हमरस्ता."

"काय म्हणालीस?"

"हमरस्ता."

मास्तर पुढे वाकले. त्या वर्षी हमरस्त्यावर केंद्र कुठलं? तिथे टायरवाल्यांची शेड होती. पंक्चर काढायला ते स्वतः तिथे उभे राहिले होते. केंद्र उघडलं त्याच्या पुढच्या वर्षी.

"वेळा वाच."

"फोन. निघाली. दारात पोचली." घाईबाईनं मनात वजाबाकी केली. "फोन केल्यापासून दारात यायला सात मिनिटं."

"किती?"

"सात, मास्तर."

गल्लीच्या तोंडाशी आपण उभे होतो. समोर दूधवाल्याची सायकल होती. एक बाई खिडकीतून चादर झटकत होती. तेवढ्यात कितीतरी काळ गेला होता, तो त्यांच्या पायांनी मोजला होता, छातीनं मोजला होता, आणि तो अर्धा तास होता. अर्धा तास म्हणून त्यांनी तो सगळ्यांना सांगितला होता. जो माणूस जगाला विचारत फिरे की एक म्हणजे काय, त्यानं एका मिनिटाला कधी विचारलं नव्हतं की तू किती मोठं आहेस. मास्तरांना रडू आलं. कचेरीत, घाईबाईसमोर, ते तोंडावर हात न घेता रडले.

ती बिचारी उठून पाणी घेऊन आली. पण डोकं तिचं चालूच होतं. "हमरस्त्यावरून तुमच्या गल्लीत सात मिनिटांत येताच येणार नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणजे गाडी टेकडीखालूनच निघाली. म्हणजे..." आणि मग तिच्या लक्षात आलं. नवं केंद्र उघडलं तेव्हा टेकडीखालच्या दोन्ही गाड्या तिकडे दिल्या गेल्या, आणि टेकडीखाली गल्लीत वळेल अशी एक लहान नवी गाडी आली. गाड्यांच्या दारांवर नवं नाव रंगवलं गेलं. कोठारानं ते नाव बघितलं आणि त्या गाड्यांच्या दहा वर्षांच्या सगळ्या फेऱ्या हमरस्त्याच्या पदरात टाकल्या. टेकडीखाली उरल्या त्या फक्त नव्या गाडीच्या. सगळी मिळून बेरीज तेवढीच, म्हणून ओरड कुठेच झाली नाही.

"मी भरताना बघायला हवं होतं," घाईबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"तू नाही. चौकट मी काढली एकेरी." मास्तरांनी डोळे पुसले. "चालकांच्या हजेरीत केंद्र असतं ना? कोण कुठल्या केंद्रात कधी कामावर आला?"

"असतं. रोजच्या यंत्रणेत आहे, जुनंसुद्धा ठेवलंय, पगारासाठी."

"मग प्रत्येक फेरी चालकाच्या हजेरीला जोड. गाडी कुठूनही येवो, माणूस त्या दिवशी कुठे उभा होता ते खरं. बैठकीपर्यंत निदान आपल्या शहरापुरतं होईल?"

घाईबाईनं घड्याळ बघितलं नाही. "करते," म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

बैठकीत संचालिका बाईंनी पडद्यावर ते उत्तर लावलं आणि थोडक्यात बोलल्या. टेकडीखालच्या केंद्राबद्दल मनाला बरं वाटत नाही, पण आकडे स्पष्ट आहेत. कुणाला काही म्हणायचंय का?

मास्तर उभे राहिले. या खेपेला ते कोपऱ्यात बसले नव्हते.

"हे आकडे चुकीचे आहेत," ते म्हणाले. "कोठाराचा आराखडा माझा आहे, आणि तो चुकलाय."

बाईंनी भुवया उंचावल्या. "बेरजा तपासल्या होत्या ना तुमच्या कचेरीनं?"

"बेरजा बरोबर आहेत. आमच्याकडे आणखी एक तपासणी असते. आपल्या माहितीतली एक फेरी आत जाऊन बघायची. ती मी बघितली असं सांगितलं होतं. बघितली नव्हती."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. गाड्यांचा अधिकारी खाली बघू लागला.

"का?" बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"ती फेरी माझ्या बायकोची होती." मास्तरांनी पडद्यावरच्या तळाच्या केंद्राकडे बोट केलं. "तिला टेकडीखालच्या केंद्रातली गाडी घेऊन गेली. गाडी सात मिनिटांत माझ्या दारात आली. कोठार म्हणतं ती हमरस्त्यावरून आली. त्या दिवशी हमरस्त्यावर केंद्रच नव्हतं. आणि ही एक फेरी झाली, मॅडम. टेकडीखालची नवी गाडी यायच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या अशाच दुसऱ्याच्या नावावर गेल्यात."

बाईंनी विचारलं, "खरं उत्तर काय आहे?" घाईबाईनं आपला संगणक पुढे सरकवला. तिचं काम जेमतेम उरकलं होतं. पडद्यावरची रांग हलली आणि टेकडीखालचं केंद्र तळातून उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसलं. आधीच्या उत्तराकडे बघून मान डोलावलेली माणसं आता याच्याकडे बघून मान डोलावू लागली.

केंद्र बंद करायचा कागद बाईंनी तिथेच मागे घेतला. सगळे उठल्यावर त्यांनी मास्तरांना थांबवलं.

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. तुमचं दुःख मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण तिथल्या माणसांचे जीव गेले असते. पुढचा आराखडा मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. त्यांना ते बरोबरच वाटत होतं.

दुपारी ते टेकडीखालच्या केंद्रात गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. एक खोली, दोन बाकं, भिंतीला किल्ल्यांच्या खुंट्या, स्टोव्हवर किटली आणि बाहेर पत्र्याखाली ती लहान गाडी. मेहुणा ओल्या फडक्यानं पुढची काच पुसत होता. मास्तरांना बघून त्यानं फडकं पिळलं आणि बादलीच्या काठावर टाकलं.

"केंद्र राहिलं, दादा."

"फोन आला होता मघाशी." मेहुण्यानं बाकाकडे हात केला. "बसा."

मास्तर बसले नाहीत. येताना वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता सापडेना.

"सात मिनिटं, दादा," ते म्हणाले. "अर्धा तास नव्हता. सात मिनिटं."

"मला माहीत आहे."

"तेव्हाच माहीत होतं?"

"मग? गाडी मी चालवत होतो."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर मी तुम्हाला..."

"काय बोलणार, भाऊजी? तुमची बायको गेली होती. माझी बहीण गेली होती. मी तिथे घड्याळ काढून दाखवत बसू?" तो गाडीला टेकला. "आणि खरं सांगू का, मला तुमचा राग आलाच नाही. मला ती सात मिनिटंच जास्त वाटत होती. अजून वाटतात. तुमच्या बाजूला फेरी असली की मी गाडी मारतो, मनात धरतो, आज पाचात जाऊ. आज तरी पाचात."

"जमतं?"

मेहुण्यानं मान हलवली. "कोपऱ्यावर वळण आहे ना. नाही जमत. सातच लागतात."

आत फोन वाजला. मेहुणा दोन ढांगांत खोलीत गेला, ऐकलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि धावत बाहेर आला. मास्तरांनी पायाशी आलेली बादली बाजूला घेतली. मेहुणा आत बसला, त्यानं गाडी सुरू केली, आणि मास्तरांनी बाहेरून दार लावून दिलं.